साधने, दहा गुण

जूनमध्ये आम्ही बी.ए. विकायला निघतो.
भूगोलाचे निखारे सर गाडी चालवतात,
मी मागे, मांडीवर प्रवेश अर्जांचा गठ्ठा.
सिंदेवाहीपासून मोहबोडीपर्यंत प्रत्येक ओसरीवर तेच:
"इतिहास घेऊन का करनार जी आमची पोरगी?"
निखारे सर म्हणतात, स्पर्धा परीक्षा.
मी पाण्याचा गडवा तोंडाला लावतो,
म्हणजे मला बोलावं लागत नाही.

यंदा सात मिळाले.
सहा मुली, आणि एक खुशाल गेडाम,
जो पोलीस भरतीच्या मैदानावर असतो
आणि मस्टरवर.
प्राचार्य म्हणाले, सातावर विभाग टिकत नसतो.
मी तासिका तत्त्वावर. अठ्ठेचाळीस मिनिटांचा एक तास;
हे गणित फक्त आमच्याकडे सुटतं.

फेब्रुवारीतला मंगळवार. घटक दुसरा, इतिहासाची साधने.
"रोल नंबर चार."
"हजर."
लिखित, मौखिक, भौतिक. फळ्यावर तीन रकाने आखले.
पोरी लिहून घेत होत्या,
खडूआधीच पुढची ओळ ठाऊक असल्यासारख्या.
सवयीनं म्हणालो, कोणाच्या घरी जुना कागद असेल
तर आणा.
आजवर कोणी आणला नव्हता.

गुरुवारी चार नंबरनं आणला.
प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी ओढणीच्या गाठीत.
मालगुजाराच्या तलावाचा हिशोब,
शाई चहाच्या रंगाची, वर्ष एकोणीसशे सदतीस.
मी मोठ्यानं वाचू लागलो:
पाळ दुरुस्ती, मजुरी अमुक आणे.
बैलजोडी दोन. हरण्या, पवळ्या. मोत्या, ढवळ्या.
ढिवर एक.
सोबत बाई एक.
मासळी, वाड्यावर, अडीच शेर.

"सर," ती म्हणाली, "तो ढिवर माह्या आजोबाचा बाप होय.
बैलाइचे नावं आहेत."

वर्ग म्हणजे सहा पोरी आणि पंखा.
पंखा बंद.

मला तिन्ही रकाने पाठ आहेत.
दहा गुणांसाठी पुरतील इतके मुद्दे, वर उदाहरणं.
कागदात जे नाही ते कसं वाचायचं
हे मला कोणी शिकवलं नव्हतं,
आणि शिकवलं असतं तरी
ते ओढणीच्या गाठीतून येईल असं कोण सांगतं.
मी म्हणालो, "नाव काय होतं त्यांचं?"
"फागू."
"आणि बाईचं?"
तिनं मागच्या बाकाकडे पाहिलं, मग खिडकीकडे.
"आजीले इचारतो. तिले मालूम असन.
नसन बी."

तेवढ्यात घंटा झाली. बाहेर वाणिज्यचे बत्तीस जण
आत यायला उभे.
कागद परत देत होतो, तर म्हणाली,
"ठेवा जी तुमच्यापाशीच. घरी उंदरं आहेत."
इतिहास विभागाला कपाट आहे.
किल्ली भूगोलाकडे असते.

बिलाच्या फॉर्मवर लिहिलं:
शिकवलेला घटक, साधने. तासिका एक.
मग मस्टर उघडं होतं म्हणून पाहत बसलो.
१, २, ३, ४.
डाव्या रकान्यात माझंच अक्षर, रेखीव.

शुक्रवारी नावानं हजेरी घेतली.
पोरींनी दचकून वर पाहिलं,
कोणाला दंड बसला की काय.
"चाचेरे करिश्मा."
कोणी काही बोललं नाही.
"चाचेरे करिश्मा."
"सर, ते मामाच्या गावाले गेली,"
मागून एक म्हणाली. "आजी तिकडंच रायते तिची.
काहीतरी इचारायचं हाये म्हने."

मी तिच्या नावापुढे पेन टेकवला.
गैरहजर लिहायचं असतं तिथं.
शाईचा एक ठिपका पसरत गेला,
तो अजून तसाच आहे.